हा उघडायचा नसतो, फेकायचा असतो

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या तालुक्याच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याला जोडून अभ्यासिका. पहाटे सहाला उघडते, रात्री अकराला बंद होते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, नीट... निम्म्या गावाची पोरं तिथे बसलेली असतात. मी या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. म्हणजे काय, तर पंखा बंद पडला की फोन मला येतो.

२०२१ च्या दिवाळीत आम्ही अभ्यासिकेतल्या जुन्या चाळीस ट्यूबलाइट काढल्या आणि एलईडी बॅटन लावल्या. चार फुटी, वीस वॅटच्या. खोक्यावर ठळक अक्षरांत ५०,००० तास लिहिलेलं. आम्ही हिशोब मांडला: रोज सतरा तास, वर्षाला साधारण सहा हजार तास, म्हणजे आठ वर्षं बघायला नको. फटाके तेवढे वाजवायचे राहिले.

चार वर्षांत ३१ बॅटन बदलून झाल्या. आणि गेल्या महिन्यात एका पोराने येऊन सांगितलं, "सर, मागच्या दोन रांगांत वाचताच येत नाही." मोजल्या तर आणखी १७ बंद.

वायरमनला बोलावलं. तो वीस वर्षं आमचं काम बघतोय. शिडीवर चढला, एक बॅटन खाली दिली आणि म्हणाला, "नवीन आणा."

मी म्हटलं, "अरे, उघडून तर बघ. काय गेलंय ते तरी कळू दे."

तो हसला. "सर, हा उघडायचा नसतो. फेकायचा असतो."

हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा इतिहासाचा उद्योग.

तर झालं असं की, मी त्यातली एक बॅटन घरी आणली आणि टोकाचं प्लास्टिकचं बूच तोडून उघडली. तोडून म्हणतोय, कारण ते निघण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. (हे घरी करू नका. या स्वस्त बॅटनमध्ये आतल्या भागांवर थेट मेनचं व्होल्टेज असतं. मी आधी वायरमनला विचारलं होतं.) आत दोन वस्तू. एक लांब पट्टी, तिच्यावर पिवळे ठिपके, म्हणजे एलईडी. आणि एक बोटाएवढं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, जो घरातल्या विजेला एलईडीला मानवेल असं रूप देतो. ड्रायव्हरवरचा एक कपॅसिटर फुगलेला होता. दहा-बारा रुपयांची वस्तू. बाकी सगळं ठणठणीत. दुसरी बॅटन उघडली, तर तिचा ड्रायव्हर चांगला, पण पट्टीवरच्या एका ठिपक्यात काळा डाग. हे ठिपके एकामागे एक जोडलेले असतात. दिवाळीच्या तोरणासारखं. मधला एक गेला की सगळी माळ अंधारात.

म्हणजे दोन मेलेल्या बॅटनमध्ये मिळून एक जिवंत होती. पण ती एकत्र करायला जागाच ठेवलेली नव्हती.

आता जरा मागे जाऊ.

ज्यांचं बालपण कंदिलात गेलंय त्यांना आठवेल. कराडजवळच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील आपल्याकडे घरोघरी होते. त्या कंदिलाची काच तडकली तर कोणी कंदील फेकायचं का? बाजारात काच वेगळी मिळायची. वात वेगळी मिळायची. टाकीला भोक पडलं तर डाग लावून मिळायचा. ज्या भागाची झीज जास्त, तो भाग सुटा. एवढा साधा नियम होता.

ट्यूबलाइट आली तीसुद्धा हाच नियम घेऊन. अमेरिकेत १९३८ मध्ये ती विक्रीला आली आणि पुढे दुकानं, कारखाने, शाळा, कचेऱ्या सगळं तिने व्यापून टाकलं. व्यापारी प्रकाशयोजना म्हणजे ट्यूब, असं समीकरण पन्नास-साठ वर्षं टिकलं. ते का टिकलं, तर लोखंडी पट्टी, चोक, स्टार्टर, होल्डर, ट्यूब हे पाचही भाग वेगवेगळे. पाच वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतले तरी एकत्र चालणार, कारण लांबी आणि टोकाच्या दोन पिनांमधलं अंतर ठरलेलं. आणि निदान करायला इंजिनिअर लागत नव्हता. टोकं काळी पडली म्हणजे ट्यूब गेली. नुसतीच लुकलुकतेय, तर स्टार्टर फिरवून बघ. गुंईं आवाज येतोय, तर चोक. आठवीतला पोरगा स्टुलावर चढून हे करायचा. "आत्ता ट्यूब पेटली" हा वाक्प्रचार मराठीत उगाच आला नाही.

आमच्या अभ्यासिकेच्या जुन्या पट्ट्यांपैकी दोन अजून वाचनालयाच्या माळ्यावर आहेत. १९८९ च्या. परवा एकीला ट्यूब आणि स्टार्टर लावून पाहिला. लागली.

पण थांबा. "जुनं ते सोनं" म्हणायला मी ही पोस्ट लिहिलेली नाही. जुनी ट्यूब आणि तिचा चोक मिळून पन्नास वॅटच्या आसपास वीज खायचे. बॅटन खाते वीस. चाळीस दिवे, सतरा तास, म्हणजे दिवसाला सुमारे वीस युनिट वाचतात. आमच्यासारख्या वाचनालयाला ती रक्कम लहान नाही. शिवाय ट्यूबमध्ये पारा असतो. थोडाच, पण फुटली की तो हवेत आणि कचऱ्यात जातो. म्हणूनच पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या देशांनी २०२३ साली जिनिव्हात बसून ठरवलं की २०२७ पर्यंत साध्या प्रकाशासाठीच्या ट्यूबचं उत्पादन आणि व्यापार थांबवायचा. ते योग्यच आहे. प्रश्न असा आहे की एलईडी घेताना आपण ट्यूबमधली वाईट गोष्ट सोडली, तशी चांगली गोष्टही का सोडली?

याचं उत्तर शोधताना पुन्हा जिनिव्हाच आडवं येतं. शंभर वर्षांपूर्वीचं.

डिसेंबर १९२४. जर्मनीची ओसराम, हॉलंडची फिलिप्स, फ्रान्सची कोम्पान्यी दे लांप, हंगेरीची टंगस्रॅम अशा बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्या जिनिव्हात जमल्या आणि त्यांनी एक करार केला. त्यासाठी स्विस कंपनी काढली, तिचं नाव फीबस. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक स्वतः सभासद नव्हती, पण तिच्याशी बांधलेल्या परदेशी कंपन्या होत्या. बाजार वाटून घ्यायचे, पेटंट वाटून घ्यायची, आणि तिसरी गोष्ट म्हणजे बल्बचं आयुष्य ठरवून घ्यायचं. एक हजार तास. त्याआधी दीड-दोन हजार तास जळणारे बल्ब बाजारात होते.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. प्रत्येक सभासद कारखान्याने आपले नमुने स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथे ते जाळून बघायचे. बल्ब ठरल्यापेक्षा कमी जळला तर दंड. आणि जास्त जळला तरीही दंड! किती तास जास्त, त्याला किती स्विस फ्रँक, याचा तक्ता होता. परिणाम दिसला. १९२६ मध्ये सभासदांच्या बल्बचं सरासरी आयुष्य १,८०० तास होतं, ते १९३३-३४ पर्यंत १,२०५ तासांवर आलं.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचली असेल. तिथे ती पुढे अशी जाते की "कंपन्यांनी अमर बल्ब मारून टाकला", आणि खाली कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला तो बल्ब, जो १९०१ पासून जळतोय. बल्ब खरा आहे. पण तो आज जेमतेम चार वॅटचा प्रकाश देतो. त्याच्याखाली बसून तलाठी परीक्षेचा अभ्यास होणार नाही.

तारेच्या बल्बचं शास्त्र असं की तार जितकी तापेल तितका त्याच विजेत उजेड जास्त, आणि तितकी ती लवकर तुटणार. व्होल्टेज पाच टक्के कमी दिलं तर आयुष्य दुपटीच्या वर जातं, पण उजेड सोळा टक्क्यांच्या आसपास घटतो आणि प्रत्येक युनिटमागे मिळणारा प्रकाशही कमी होतो. म्हणजे जास्त टिकणारा बल्ब ग्राहकाला विजेच्या बिलात महागात पडू शकतो. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ च्या अहवालात हे मान्य केलं होतं की सगळ्या परिस्थितींना लागू पडेल असं एकच योग्य आयुष्य बल्बला ठरवून देता येत नाही, आणि हजार तास हा उजेड आणि टिकाऊपणा यांच्यातला एक मध्यम मार्ग म्हणता येतो.

मग फीबसवाले निर्दोष? तसंही नाही. समजा हजार तास हेच ग्राहकाच्या फायद्याचं असेल, तर खुल्या बाजारात ग्राहकाने ते निवडलं असतं. जास्त टिकणाऱ्या बल्बला दंड लावायची गरज काय? बल्ब किती टिकावा हे ठरवण्याचा हक्क वापरणाऱ्याकडून काढून विकणाऱ्यांनी आपल्या खोलीत नेला, हा खरा गुन्हा. अमेरिकेतल्या संघराज्य न्यायालयाने १९४९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकला बल्बच्या धंद्यातल्या मक्तेदारीबद्दल दोषी धरलं. फीबस मात्र त्याआधीच, दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर, मोडून पडली होती.

आणि एक गोष्ट महाराष्ट्राला आवडेल अशी. या मंडळींना त्रास देणाऱ्यांत एक सहकारी कारखाना होता. स्वीडनमधल्या ग्राहक सहकारी संस्थांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला 'लुमा' नावाचा स्वतःचा बल्ब काढला आणि तिथल्या किमती खाली आल्या. आपल्याकडे प्रवरेचा कारखाना उभा राहिला त्याच्या सुमारे वीस वर्षं आधी. वापरणारा आणि बनवणारा एकाच घरात आला की गणित बदलतं, ते असं.

आता आमच्या बॅटनकडे परत येतो. आज फीबससारखा करार कोणी केलाय असा माझा आरोप नाही. त्याची गरजच उरलेली नाही. खोक्यावरचा आकडा आणि आतला माल यांच्यात जी फट आहे, तीच पुरेशी आहे.

तो ५०,००० तासांचा आकडा येतो कुठून? बाजारात २०१५ साली आलेला दिवा ५०,००० तास, म्हणजे अखंड पावणेसहा वर्षं, जाळून बघायला कोणाला वेळ होता? त्यासाठी अमेरिकन प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये एक चाचणी ठरवली. एलईडी कमीत कमी ६,००० तास चालवायचा, उजेड कसा घटतो ते नोंदवायचं. मग २०११ च्या दुसऱ्या पद्धतीनुसार ते पुढे ताणून अंदाज काढायचा, तोही चाचणीच्या जास्तीत जास्त सहापट. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपलं असं मानायचं. पद्धत चांगली आहे, प्रामाणिक आहे. पण ती चाचणी एलईडीच्या चिपची आहे. ड्रायव्हरची नाही. सोल्डरची नाही. बंद प्लास्टिकच्या नळीत एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली टांगलेल्या आख्ख्या दिव्याची तर नाहीच नाही.

आणि आधी मरतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हर. त्यातल्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं. म्हणजे पन्नास हजार तासांचा एलईडी आणि त्याच्या निम्मंही न टिकणारा ड्रायव्हर एकाच नळीत कायमचे बंद केलेत. लग्न लावलंय, घटस्फोटाची सोय नाही. एक गेला की दुसऱ्याने सती जायचं.

निळा एलईडी, ज्याच्यामुळे पांढरा एलईडी शक्य झाला, त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तीस-तीस वर्षांची मेहनत. आणि आपण ती मेहनत दहा रुपयांच्या कपॅसिटरपायी पोत्यात भरून माळ्यावर टाकतोय.

मग वेगळं काही करता येतं का? येतं, आणि केलं गेलंय.

ॲमस्टरडॅममध्ये थॉमस राऊ नावाचे आर्किटेक्ट आहेत. त्यांनी आपल्या कचेरीसाठी फिलिप्सला सांगितलं की मला दिवे विकत घ्यायचेच नाहीत. मला टेबलावर अमुक इतका प्रकाश हवाय, त्याचे पैसे देईन. दिवे तुमचे, दुरुस्ती तुमची, आणि विजेचं बिलही तुमच्याच गळ्यात. हाच विचार पुढे २०१५ मध्ये शिफोल विमानतळाच्या टर्मिनलमध्ये गेला. दिव्यांची मालकी कंपनीकडेच राहिली, विमानतळ फक्त वापराचे पैसे देणार. आणि मग काय झालं बघा. त्याच कंपनीने त्या जागेसाठी असे दिवे बनवले ज्यांचा एकेक भाग सुटा काढून बदलता येतो. नेहमीच्या दिव्यांपेक्षा ७५ टक्के जास्त टिकतील आणि वीज निम्मी लागेल, असं तेव्हा जाहीर केलं गेलं.

दुसरं उदाहरण दुबईचं. तिथल्या नगरपालिकेबरोबर फिलिप्सनेच २०१६ मध्ये एक एलईडी बल्ब काढला. त्यात एलईडी जास्त घातले आणि प्रत्येकाला कमी ताण दिला. तोच उजेड, वीज कमी, उष्णता कमी, आयुष्य जास्त. सुरुवातीला हा बल्ब मिळत होता फक्त दुबईत.

१९२४ च्या करारातली फिलिप्स आणि शिफोलची फिलिप्स. दोन्ही वेळा कारखान्याला टिकाऊ दिवा बनवता येत होता. दिवा बंद पडल्यावर नुकसान कोणाचं, एवढंच बदललं. ते ग्राहकाचं असेल तर नळी सील होते. ते बनवणाऱ्याचं असेल तर स्क्रू येतो. शंभर वर्षांच्या इतिहासातून मला कळलं ते एवढंच.

आता आपल्याकडे.

५ जानेवारी २०१५ ला देशात दोन योजना एकाच दिवशी सुरू झाल्या. घरच्या बल्बसाठी 'उजाला' आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम. ज्यांना सरकारी योजनांवर नुसती टीकाच करायची असते त्यांनी हे आकडे जरूर बघावेत. ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बची किंमत ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत खाली आली. १ कोटी ३० लाखांहून जास्त पथदिवे बदलले. एवढी वीज एवढ्या लवकर वाचवणारं दुसरं काम शोधावं लागेल.

पथदिव्यांच्या योजनेत तर शिफोलची अर्धी कल्पना होतीच. नगरपालिकेने सुरुवातीला पैसे घालायचे नाहीत. ईईएसएल ही सरकारी कंपनी दिवे लावणार, सात वर्षं देखभाल करणार, आणि वाचलेल्या विजेतून पालिका हप्ते फेडणार. सात वर्षं दिवा बंद पडला तर डोकेदुखी लावणाऱ्याची. उत्तम. पण आठव्या वर्षी काय? तेव्हा दिवा पालिकेचा, ड्रायव्हर जुन्या मॉडेलचा, आणि तो बदलता येईल अशी रचना होती की नाही हे पहिल्या दिवशीच्या निविदेत लिहिलेलं असेल तर असेल. शहाण्या निविदा काढणाऱ्यांनी ते लिहूनही घेतलं असेल. आपल्या गावाने लिहून घेतलंय का, हे विचारायला हवं. २०१७-१८ मध्ये दिवे लावलेल्या गावांचं आठवं वर्ष उजाडलंय.

कायदा काय म्हणतो? ई-कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सीएफएल आणि ट्यूब आल्या. २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, यादी शंभराहून जास्त वस्तूंची झाली, आणि माल बनवणाऱ्यावर त्याच्या कचऱ्याची जबाबदारी पक्की केली. पण हिशोब मुख्यतः धातूंचा आहे: सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड किती परत मिळवलं. आमच्या बॅटनमध्ये ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, तिच्यावर चिकटवलेले एलईडी, सोल्डर, प्लास्टिक आणि वर गोंद. भंगारवाल्याला दाखवली तर तो म्हणाला, "काका, याला सोडवायला जेवढा वेळ जातो तेवढे याचे पैसे येत नाहीत." १९८९ ची लोखंडी पट्टी मात्र त्याने तराजूवर आनंदाने घेतली असती. दुरुस्ती आणि पुनर्वापर या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण दोन्हींचं कुलूप एकच. जे स्क्रूने उघडतं ते दुरुस्तही होतं आणि शेवटी वेगळंही करता येतं. जे गोंदाने मिटतं त्याचं दोन्हीकडून मरण.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. दिव्यांचं वेगळं नाव त्यात नाही. युरोपीय संघात मात्र १ सप्टेंबर २०२१ पासून नियमच आहे की दिव्याच्या साच्यातला प्रकाशस्रोत आणि ड्रायव्हर साध्या हत्यारांनी, साचा न मोडता, बदलता आला पाहिजे. तसं करता येत नसेल तर बनवणाऱ्याने तांत्रिक कारण द्यायचं. आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे एलईडी भाग एकमेकांत बसावेत म्हणून माप ठरवणारा 'झागा' नावाचा उद्योगसंघ २०१० पासून काम करतोय. म्हणजे ट्यूबच्या दोन पिनांचं शहाणपण पुन्हा शिकणं चालू आहे.

आमच्या वाचनालयाचं काय झालं ते सांगून संपवतो.

मी पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन चौकशी केली. पत्र्याची पट्टी, आत स्क्रूने बसवलेली एलईडीची पट्टी आणि वेगळा ड्रायव्हर, असा दिवा मिळतो. किंमत ७८० रुपये. फेकायची बॅटन ३२० ला. कार्यकारिणीच्या सभेत खजिनदार म्हणाले, "अहो, जवळजवळ अडीचपट!" त्यांचं काम ते करत होते. मग आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. आमच्याकडे बॅटन सरासरी सव्वातीन वर्षं टिकली. वायरमनची मजुरी दीडशे धरून आठ वर्षांत एका जागेला फेकायच्या बॅटनचा खर्च सुमारे १,६०० रुपये. दुरुस्तीच्या दिव्याचा, ड्रायव्हर तितक्याच वेळा बदलावा लागेल असं धरून, सुमारे १,६५०. म्हणजे बरोबरी. उलट पन्नास रुपये जास्तच.

खजिनदार म्हणाले, "मग?"

मी म्हटलं, "माळ्यावर ४८ मेलेल्या बॅटनचं पोतं आहे. त्याचा खर्च फळ्यावर कुठे लिहू ते सांगा."

कोणी काही बोललं नाही. कारण तो खर्च आमच्या वहीत येतच नाही. तो गावाबाहेरच्या कचरा डेपोच्या वहीत जातो, आणि ती वही कोणी लिहीत नाही. फीबसच्या तक्त्यातही तो नव्हता आणि स्वस्त बॅटनच्या किमतीतही नाही. म्हणूनच ती स्वस्त आहे.

शेवटी तडजोड झाली. मागच्या दोन रांगांसाठी वीस दिवे दुरुस्तीचे घेतले. सोबत सहा ड्रायव्हर आत्ताच घेऊन कपाटात ठेवले, कारण पाच वर्षांनी तेच मॉडेल मिळेल याची खात्री कोणी देईना. बाकीच्या वीस जागांना आहेत त्या बॅटन चालतील तोवर. एक वही केली, कुठला दिवा कधी गेला, काय बदललं, ते लिहायचं. दोन वर्षांनी आकडे इथेच टाकीन, माझा अंदाज चुकला असला तरी.

तुमची शाळा, सोसायटी, दुकान, बँकेची शाखा, मंगल कार्यालय, ग्रामपंचायत, कुठेही दिवे घ्यायचे असतील तर दर विचारण्याआधी एवढं विचारा:

१) ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का? त्याच्यावर व्होल्टेज आणि करंट छापलंय का?
२) दिवा साध्या स्क्रू ड्रायव्हरने, काही न मोडता उघडतो का? समोर उघडून दाखवा म्हणा.
३) तासांचा आकडा चिपचा की आख्ख्या दिव्याचा? वॉरंटी आख्ख्या दिव्याची किती वर्षं, आणि शिडी-मजुरीचा खर्च कोणाचा?
४) सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे बिलावर लिहून द्याल का?
५) मेलेले दिवे परत कोण नेणार? त्याची पावती मिळेल का?

आणि गावात पथदिव्यांचा ठेका असेल तर माहिती अधिकारात कराराची प्रत मागा. सातव्या वर्षानंतरचं कलम वाचा.

नवीन दिवे लागले त्या दिवशी वायरमन शिडीवरून उतरला, पट्टीचे दोन स्क्रू हातात धरून म्हणाला, "सर, हे बरंय. म्हणजे मला परत बोलवाल."

त्याचा पोरगा त्याच अभ्यासिकेत, मागच्या रांगेत बसतो.